जुन्या गाडीची कूलिंग सिस्टिम घरी धुताना: रेडिएटर रिकामा झाला म्हणजे इंजिन रिकामं झालं असं नाही

रविवारी सकाळी रेडिएटरखालचा प्लग काढायचा, तांबूस पाणी वाहून जाऊ द्यायचं, वरून हिरवं कूलंट ओतायचं आणि झाकण लावायचं. बहुतेक जण घरी हे काम असंच करतात आणि अर्ध्या तासात हात धुतात. चार महिन्यांनी झाकण उघडलं की आत पुन्हा तोच गंजाचा रंग दिसतो. मग दोष कूलंटच्या डब्याला दिला जातो.

खरी अडचण अशी की इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बंद असतो. प्लग काढल्यावर रेडिएटरमधलं पाणी जातं, पण इंजिनच्या ब्लॉकमधलं आणि हीटरमधलं बरंचसं आतच राहतं. छोट्या पेट्रोल गाडीत एकूण चारेक लिटर पाणी मावत असेल, तर प्लगमधून दोन-अडीच लिटर बाहेर येतं. उरलेलं जुनं गंजकं पाणी नव्या कूलंटमध्ये मिसळतं आणि ते पातळही करतं आणि घाणही. पुढचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून ती आधी सांगितली.

हे मार्गदर्शन कार्बोरेटरच्या जमान्यातल्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या साध्या गाड्यांसाठी आहे. मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन किंवा सँट्रो अशी, जिच्या रेडिएटरवरच कॅप असते, अशी गाडी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. हाताशी दोन दिवस ठेवा. दर वेळी इंजिन तापवायचं आणि पूर्ण थंड होऊ द्यायचं असतं, आणि हे थंड होणं कुणालाही घाईने उरकता येत नाही.

टप्पा १: धुवायची की नाही, हे आधी ठरवा

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना चार गोष्टी बघा.

पहिली, रेडिएटरच्या जाळीच्या पट्ट्या. किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत खाऱ्या हवेने या पट्ट्या आतून सडलेल्या असतात. नखाने हलकेच दाबा. पट्टी वाकली तर ठीक. तिचा भुगा होऊन बोटाला लागला तर असा रेडिएटर धुवू नका, बदला. गंजाच्या थराने बुजलेली भोकं फ्लशने (आतला गंज सोडवणाऱ्या द्रवाने) मोकळी होतात आणि संध्याकाळपर्यंत गाडीखाली थारोळं साचतं.

दुसरी, ऑइल भरायचं झाकण. त्याच्या आतल्या बाजूला कॉफीवरच्या सायीसारखा पांढुरका थर आहे का? पावसाळ्यात फक्त बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत दमटपणामुळे थोडासा असा थर येतो. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधाळ दिसलं तर मात्र पाणी ऑइलमध्ये जातं आहे.

तिसरी, बुडबुडे. थंड इंजिनची रेडिएटर कॅप काढून ठेवा आणि गाडी सुरू करा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा येईल. पण पाणी तापायच्या आधीच भाताच्या पातेल्यासारखे सतत बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे, म्हणजे हेड गॅस्केटचं (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलचं) काम निघालं आहे. अशा गाडीला फ्लशचा काही उपयोग नाही. आधी मेकॅनिक गाठा.

चौथी, वॉटर पंपाखालचं लहान भोक. तिथे कूलंटचा सुकलेला ओघळ किंवा थेंब दिसला तर पंपाचा सील गेला आहे. पंप बदलताना पाणी काढावंच लागतं, त्यामुळे दोन्ही कामं एकदमच करा.

> थांबा: वरच्यापैकी बिघाडाची एकही खूण असेल तर तिची सोय लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: सामान, पाणी आणि जागा

कामाला लागतं ते एवढं: पसरट टब (बादली गाडीखाली जात नाही), मोजमापाच्या खुणा असलेला मग, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, १० आणि १२ चे पाने, नवीन होज क्लिप चार (होज म्हणजे रेडिएटर आणि इंजिन जोडणाऱ्या जाड रबरी नळ्या), नरसाळं, रबरी हातमोजे, जुनी फडकी, प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि झाकणाचे रिकामे कॅन. दुकानातून रेडिएटर फ्लशची एक बाटली, डिस्टिल्ड वॉटरचे ५ लिटरचे दोन कॅन, न पातळ केलेलं कूलंट २ लिटर आणि थर्मोस्टॅट त्याच्या गॅस्केटसकट आणा. रेडिएटर कॅपही नवी घेतलेली बरी.

कूलंट घेताना डबा नीट वाचा. 'रेडी टू यूज' लिहिलेलं कूलंट आधीच पाणी मिसळलेलं असतं. ते इथे का चालत नाही, ते आठव्या टप्प्यात येईल. तुम्हाला हवं ते कॉन्सन्ट्रेट.

पाण्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त निष्काळजीपणा होतो. विहिरीचं पाणी पिण्याला गोड लागतं म्हणून ते रेडिएटरलाही चांगलं, असा समज घराघरांत आहे. पण खाजणालगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि मिठाचा तेवढा अंशही ॲल्युमिनियमच्या हेडला पोखरायला पुरतो. बोअरच्या पाण्याची परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या बादलीत ते रात्रभर ठेवा. सकाळी तळाला तांबूस साका दिसला तर तोच साका तुमच्या रेडिएटरच्या नळ्यांत बसत आला आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात. मधल्या खळखळण्यांना ते चालतं, शेवटच्या दोन धुण्यांना आणि भरायला चालत नाही. पावसाळ्यात पागोळीखाली धरलेलं पाणीही नको, त्यात कौलांवरची धूळ आणि शेवाळ असतं.

जागा अशी निवडा की गाडीचं नाक थोडं वर राहील. घरासमोरच्या चढावर तोंड करून उभी केली तर उत्तम, पुढे हवा काढताना त्याचा फार उपयोग होतो. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि मागच्या चाकांना मागून चिरे लावा. इंजिन सुरू करताना गिअर न्यूट्रलमध्ये असतो, तेव्हा गाडी हँडब्रेकवर आणि या चिऱ्यांवरच उभी असते, म्हणून ते नीट घट्ट बसवा.

> धोका: चिरा चाकाला अडसर म्हणून चालतो. गाडी जॅकने उचलून चिऱ्यावर टेकवून तिच्याखाली शिरू नका. चिरा वजनाखाली न सांगता फुटतो.

विहिरीजवळ, तुळशीजवळ, पोरसाच्या आळ्यांजवळ हे काम करू नका. जुन्या कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं, मांजर किंवा वासरू ते चाटतं, आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. काम संपेपर्यंत घरची जनावरं बांधून ठेवा आणि लहान मुलांना आत बसवा.

टप्पा ३: पहिला निचरा, मोजून

वरच्या होजला हात लावा. हाताला गार लागला तरच कॅप काढायची. होज कोमट असला तरी थांबा. ०.९ हा दाबाचा आकडा असलेली कॅप ज्या सिस्टिममध्ये असते तिच्यात पाणी ११८ अंशांपर्यंत न उकळता राहतं. कॅप फिरवली की दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं.

कॅप काढा, टब सरकवा आणि मग खालचा प्लग सोडा. हा प्लग बहुतेक प्लास्टिकचा असतो आणि वीस वर्षांच्या उष्णतेने बिस्किटासारखा ठिसूळ झालेला असतो. माझ्या पहिल्या गाडीचा प्लग मी पक्कडीने धरला, आणि त्याचं डोकं हातात आलं, आटे आतच राहिले. रविवार होता, गाडी तीन दिवस तशीच पडून राहिली. तेव्हापासून नियम केला: प्लग बोटांनी किंवा योग्य मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने हलक्या हाताने फिरला तर सोडायचा. नाही फिरला तर त्याला हात लावायचा नाही, खालचा होज सोडायचा. होजमधून पाणी एकदम धबकन येतं, पण जास्त येतं.

होज सोडताना क्लिप मागे सरकवा आणि होज आधी गोल पिळा. चिकटलेला असतो, पिळल्यावर सुटतो. आत स्क्रू ड्रायव्हर घालून तो उचकटू नका, रेडिएटरचं नाक (होज बसतो ते नळीचं तोंड) तुटतं. होज बदलायचाच असेल तर तो ब्लेडने लांबीत चिरा आणि सोलून काढा.

ओव्हरफ्लो बाटलीही (रेडिएटरमधून जास्तीचं पाणी जिच्यात जातं ती) काढून रिकामी करा. तिच्या तळाला चिखल असतोच. थोडे तांदूळ आणि पाणी घालून खळखळवली की ती आतून स्वच्छ होते. हे तांदूळ कोंबड्यांना घालू नका, कचऱ्यात टाका.

आता बाहेर आलेलं पाणी मगाने मोजा आणि आकडा लिहून ठेवा. हा आकडा पुढे लागणार आहे.

> तपासा: निघालेलं पाणी टबात अर्धा तास स्थिर ठेवा. नुसता हिरवा किंवा लाल स्वच्छ रंग असेल तर आतली स्थिती चांगली आहे. चहासारखा तपकिरी रंग म्हणजे गंज. वर तेलाचे इंद्रधनुषी वर्तुळ दिसले तर काम थांबवा आणि हेड गॅस्केट तपासून घ्या. पिवळट लगदा निघाला तर कुणीतरी गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकली होती.

हळदीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा उपाय अजून सर्रास केला जातो. हळद फुगते आणि भोक बुजवते, हे खरं. पण तिला गळकं भोक कुठलं आणि रेडिएटरची अरुंद नळी कुठली हे कळत नाही. एका जुन्या ओम्नीचा रेडिएटर उघडला होता, त्यात वरच्या टाकीखालच्या नळ्यांची तोंडं पिवळ्या खळीने जवळपास लिंपलेली होती. तिथे पाण्याला वाट नव्हती. अशी गाडी सपाटीवर नीट चालते आणि घाट लागला की तापते.

निघालेलं कूलंट कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावा आणि वर 'विष' असं मोठ्या अक्षरात लिहा. गटारात, व्हाळात, शेतात ओतू नका. वापरलेल्या ऑइलमध्येही मिसळू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन, ते घेतात का ते विचारा.

टप्पा ४: खळखळणं आणि फ्लश

प्लग बंद करा, होज जोडा, नळाचं पाणी वरपर्यंत भरा. गाडीला हीटर असेल तर त्याचा खटका पूर्ण गरमवर ठेवा. गोव्यात हीटर कुणी लावत नाही, त्यामुळे त्याच्या नळ्यांत वर्षानुवर्षांचं पाणी कोंडलेलं असतं, आणि खटका थंडवर असेल तर बऱ्याच जुन्या गाड्यांत तिथून पाणी फिरतच नाही.

गाडी सुरू करून चालू ठेवा. वरच्या होजवर लक्ष असू द्या. बराच वेळ तो कोमटच राहील आणि मग एकाएकी चटका बसेल इतका गरम होईल. त्या क्षणी थर्मोस्टॅट उघडला आणि ब्लॉकमधलं पाणी रेडिएटरमध्ये आलं. त्यानंतर दहा मिनिटं चालू ठेवून बंद करा. पूर्ण थंड होऊ द्या, दीड-दोन तास लागतात. मग निचरा.

> धोका: थंड व्हायचा कंटाळा येऊन गरम इंजिनमध्ये गार पाणी ओतू नका. बऱ्याच जुन्या इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. एकाएकी गार पडलं की हेड वाकतं किंवा तडकतं.

पहिलं पाणी निघाल्यावर दुसऱ्या भरण्यात रेडिएटर फ्लश घाला. बाटलीवर जितकी मिनिटं लिहिली आहेत तितकीच मिनिटं, जागेवर उभ्या गाडीत. 'जास्त वेळ ठेवलं तर जास्त साफ' असा हिशेब इथे चालत नाही. फ्लश घातलेली गाडी रस्त्यावर काढू नका आणि रात्रभर तशीच ठेवू नका.

आणि फ्लशच्या जागी घरातलं काही नको. संडास साफ करायचं ॲसिड नको, धुण्याचा सोडाही नको. दोन्ही ॲल्युमिनियम खातात. समई चिंचेने लखलखते म्हणून रेडिएटरही चिंचेच्या कोळाने धुणारे लोक मला भेटले आहेत. समई पितळेची असते आणि लगेच पाण्याने धुतली जाते. इथे तो कोळ आणि त्याचे धागे ब्लॉकच्या कोपऱ्यांत अडकून राहतात.

फ्लश काढल्यावर साध्या पाण्याची आणखी दोन खळखळणी तरी हवीतच. हिशेब बघा: दर वेळी जर अर्धंच पाणी बाहेर येत असेल तर पहिल्या धुण्यानंतर घाण अर्धी उरते, दुसऱ्यानंतर पाव, तिसऱ्यानंतर आठवा भाग, चौथ्यानंतर सोळावा. एकदाच पाणी बदलून जे थांबतात त्यांच्या गाडीत अर्धा फ्लश आतच असतो आणि तो नव्या कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं खाऊन टाकतो. फ्लश न केलेला परवडला, पण अर्धवट धुतलेला फ्लश नको.

पहिल्या दिवसाचं काम इथे थांबवा. साध्या पाण्यावर गाडी एक रात्र उभी राहिली तर काही बिघडत नाही.

टप्पा ५: रेडिएटर उलटा धुणं

दुसऱ्या दिवशी सकाळी निचरा करून दोन्ही होज सोडा. गाडी चालू असताना पाणी रेडिएटरमध्ये वरून खाली जातं, त्यामुळे कचरा नळ्यांच्या वरच्या तोंडाशी अडकतो. तो काढायला पाणी खालून वर सोडायचं. बागेची नळी खालच्या नाकात फडकं गुंडाळून धरा आणि वरच्या नाकाला जुना होज लावून बाहेर वळवा. कॅप लावलेली असू द्या.

त्याआधी डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटणारा) आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेलं की गाडी स्टार्ट होत नाही, आणि मग दोष भलतीकडेच शोधला जातो.

नळाचा जोर किती? नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून पाणी सहज अडवता आलं पाहिजे. पंपाचा जोर लावला तर जुन्या रेडिएटरची टाकी जोडावर फाटते. पाणी नितळ येईपर्यंत सोडा, मग नळी दोन मिनिटं बंद करून पुन्हा सोडा. दुसऱ्यांदा पुष्कळदा नवा कचरा येतो.

बाहेरची जाळीही आताच धुवा. तांबडी धूळ आणि किडे पुढून आत घुसलेले असतात, म्हणून पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं. पुढून मारलं की चिखल आणखी आत बसतो. प्रेशर वॉशर नको, पट्ट्या झोपतात.

टप्पा ६: थर्मोस्टॅट, होज, कॅप

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. 'आपल्याकडे थंडी कुठे आहे? हवाय कशाला तो?' असं सांगितलं जातं. थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो, इंजिनला त्याच्या नेमक्या तापमानाला ठेवण्यासाठी असतो. तो काढला की इंजिन सपाटीवर कायम गार चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइल खराब होतं. तुमच्या गाडीत तो आहे का, हे आताच बघा.

हाऊसिंगचे बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्रीच त्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. तरीही जोर लावावा लागत असेल तर सोडून द्या. ॲल्युमिनियममध्ये तुटलेला बोल्ट काढणं हे घरचं काम नाही.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तोही तपासून घ्या. स्वयंपाकाला न लागणाऱ्या पातेल्यात पाणी घ्या आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लोंबता ठेवा की तळाला टेकणार नाही. गॅसवर पाणी तापवत न्या. थर्मोस्टॅटवर ८२ असा आकडा कोरलेला असेल तर साधारण तेवढ्या अंशांना झडप फुटायला लागते आणि पाणी उकळायला येईपर्यंत ती करंगळी जाईल इतकी उघडते. पाण्याबाहेर काढल्यावर ती पुन्हा मिटली पाहिजे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, आणि कडेची बारीक हलती पिन असेल तर ती वरच्या बाजूला. त्या पिनेतून हवा निघते. खाली बसवली तर हवा अडकते.

होज दाबून बघा. ताज्या होजला रबराची उसळी असते. कडक लाकडासारखा झाला असेल किंवा तोंडाशी पावासारखा भुसभुशीत लागला असेल तर बदला.

कॅपला दोन झडपा असतात. मोठी स्प्रिंगची झडप दाब धरते. मधली लहान झडप इंजिन थंड होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढते. लहान झडप चिकटली किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी तडकली, की पाणी बाटलीत जातं आणि परत येत नाही. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकांचा केरीहून, चोर्ल्याचा चढ लागायच्या आधीच, फोन आला होता.

"अरे, काटा वर चढलाय, पण बाटली तर फुल आहे."

"काका, बाटली बघू नका. गाडी बंद करून सावलीत थांबा, तासाभराने रेडिएटरचं झाकण उघडा आणि मला सांगा."

रेडिएटरमध्ये बोटभरही पाणी नव्हतं. फक्त बाटलीवर नजर ठेवणाऱ्यांच्या कितीतरी गाड्यांचं हेड असंच गेलं आहे. नवी कॅप घेताना जुन्या कॅपवरचा आकडा जुळवून घ्या. मोठ्या आकड्याची कॅप लावली की जुने होज आणि टाकी फुटतात.

टप्पा ७: डिस्टिल्ड पाण्याने दोनदा

सगळं जोडून डिस्टिल्ड वॉटर भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवा, थंड करा, काढा. हेच आणखी एकदा. दुसऱ्यांदा निघालेलं पाणी काचेच्या ग्लासात धरून उजेडात बघा. पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. नाही आलं तर तिसऱ्यांदा करा. शेवटचा निचरा पुन्हा मोजा.

टप्पा ८: कूलंट भरण्याचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गाडीच्या पुस्तिकेत एकूण किती लिटर लागतं ते दिलेलं असतं. समजा ४ लिटर आहे, आणि शेवटच्या निचऱ्यात २.२ लिटर पाणी निघालं. म्हणजे १.८ लिटर डिस्टिल्ड पाणी अजून ब्लॉकमध्ये आहे. आता निम्मं पाणी मिसळलेलं 'रेडी टू यूज' कूलंट २.२ लिटर ओतलं, तर खरं कूलंट आत गेलं १.१ लिटर. चार लिटरांत ते साडेसत्तावीस टक्के होतं, म्हणजे पातळ.

म्हणून उलटा हिशेब करायचा. चार लिटरांचे ४० टक्के म्हणजे १.६ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता. राहिलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. आत आधीच असलेलं पाणी या हिशेबात आपोआप धरलं जातं. पुस्तिकेत किंवा डब्यावर ५० टक्के लिहिलं असेल तर २ लिटर. आपल्याकडे पाणी गोठत नाही, तरी गंजापासून बचावासाठी ३० टक्क्यांच्या खाली जाऊ नका. आणि नुसतं कॉन्सन्ट्रेटही भरू नका. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे घट्ट मिश्रणात गाडी जास्त तापते.

बाटलीत 'लो' आणि 'फुल' यांच्या मधोमध येईल इतकं मिश्रण वेगळ्या भांड्यात त्याच प्रमाणात कालवून भरा.

रंगावरून कूलंट ओळखू नका. हिरव्या जुन्या प्रकारातलं साधारण दोन वर्षं टिकतं, लाल-नारिंगी सेंद्रिय आम्लाच्या प्रकारातलं पाच वर्षांपर्यंत. पण रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. दोन वेगळे प्रकार मिसळले की जेलीसारखा गोळा होऊ शकतो. एकदा जे भरलं त्याच प्रकाराचा एक लहान डबा वर टाकायला म्हणून डिकीत ठेवा.

टप्पा ९: हवा काढणं

गाडीचं नाक वर, हीटर गरमवर, रेडिएटरची कॅप काढलेली. गाडी सुरू करा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून कूलंटची सलग धार येईपर्यंत ठेवा, मग घट्ट करा. वरचा होज हाताने हळूहळू दाबत-सोडत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तशी मिश्रणाने भरत जा. मग होज एकाएकी गरम होईल आणि पातळी पुन्हा एकदा झपकन उतरेल. ती भरा आणि कूलंट उतू यायला लागण्याआधी कॅप लावा.

आता कॅप न उघडता फॅनची वाट बघा. फॅन आपोआप सुरू व्हावा, काही वेळाने बंद व्हावा, आणि हे दोनदा व्हावं. काटा मध्याच्या आसपास स्थिर राहिला पाहिजे. फॅन सुरूच झाला नाही आणि काटा चढत गेला तर लगेच बंद करा.

> धोका: काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फॅन फिरायला लागतो. ओढणी, पंचा, सैल बाही, लोंबता चार्जर यांपैकी काही फॅनजवळ नको.

> तपासा: हीटर असेल तर तो आता चालू करा. काटा मध्यावर असूनही हवा गार येत असेल तर हीटरमध्ये हवा अडकली आहे. थंड करून हा टप्पा पुन्हा करा.

टप्पा १०: पुढच्या तीन सकाळी

पहिल्या सकाळी कॅप उघडा. पातळी थोडी उतरलेली असते, ती भरा. बाटलीही बघा. गाडीखाली रात्री पांढरा पुठ्ठा अंथरून ठेवा, कुठून थेंब पडतो ते त्यावर दिसतं. होज क्लिप एकेक फेरा घट्ट करा, नवं रबर तापल्यावर बसतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा बघा. तिसऱ्या सकाळी पातळी जागेवर असेल आणि पुठ्ठा कोरडा असेल, तर गाडी नेहमीच्या कामाला काढा, पण पहिली फेरी फोंड्याची किंवा म्हापशाची असू द्या. चोर्ला, अनमोड, आंबोली हे घाट आठवडाभर नकोत.

तिसऱ्या दिवशीही पातळी उतरत असेल आणि पुठ्ठा मात्र कोरडा असेल, तर कूलंट इंजिनच्या आत जातं आहे. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो का ते बघा आणि गाडी चालवत नेण्याऐवजी मेकॅनिकला घरी बोलवा.